महिन्याचे भाडे नको, तरी टीव्ही घरात



आपलं उसाचं बिल येतं हंगामात, तेही हप्त्याहप्त्यानं. केबलवाला मात्र दर महिन्याला दारात उभा! शिवाय मळ्यातल्या वस्तीवर केबलची तार पोचतच नाही. छपरावरच्या जुन्या काड्यांच्या अँटेनाचाही आता उपयोग नाही; तिच्यासाठीची प्रक्षेपण केंद्रे दूरदर्शनने २०२२ पर्यंत बहुतेक बंद केली.

अशा घरांसाठी दूरदर्शनचीच 'डीडी फ्री डिश' आहे. डिसेंबर २००४ मध्ये ती सुरू झाली. छत्री आणि सेट टॉप बॉक्स एकदाच विकत घ्यायचा, पुढे भाडे नाही. सह्याद्री वाहिनी, बातम्या आणि २०१५ साली सुरू झालेली डीडी किसान ही शेतीची हिंदी वाहिनी त्यावर दिसते. पैसे घेणाऱ्या वाहिन्या दिसत नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

छत्री बसवताना आग्नेयेकडची बाजू मोकळी हवी. तिकडे आंबा किंवा नारळ आडवा आला, की चित्र गेलंच. दुकानदार दरमहा रिचार्ज सांगू लागला, तर ती डिश ही नव्हे असे समजावे.

आमचे म्हणणे एवढेच : केबलचा वर्षाचा खर्च एकदा कागदावर मांडा, मग घरात बसून ठरवा.