वडिलांनीच मूल नेलं, तर ते अपहरण होतं का?

तीन वर्षांचा मुलगा आईकडे राहत होता. वडील त्याला घेऊन गेले. आईने अमरावतीत पोलिसांत तक्रार दिली आणि वडिलांवर भारतीय दंड संहितेच्या कलम ३६३ खाली अपहरणाचा गुन्हा नोंदवला गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये खंडपीठाने हा गुन्हा रद्द केला.

कारण साधं होतं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार वडील हे मुलाचे नैसर्गिक पालक आहेत. कोर्टाने मनाई केलेली नसताना पालकाने स्वतःचंच मूल नेणं हे अपहरण ठरत नाही.

सोशल मीडियावर अशा निकालाचा अर्थ ‘बापाला मूल उचलून न्यायची मुभा’ असा लावला जातो. तसं अजिबात नाही. गुन्हा झाला की नाही हा एक प्रश्न. मूल कुणाकडे राहावं हा वेगळा. याच कायद्यात पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा, असं म्हटलं आहे. आणि पालकत्वावर आईचाही हक्क आहेच. गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितलं, की वडील हयात असतानाही परिस्थितीनुसार आई नैसर्गिक पालक असू शकते.

खरी अडचण वेगळीच आहे. कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत राहणारं एखादं जोडपं घ्या. खटके उडाले, बायको मुलीला घेऊन वर्ध्याला माहेरी गेली. घटस्फोट नाही, अर्ज नाही, फक्त बोलणं बंद. कागदावर काहीच नसल्याने आज ती मुलीला भेटू देत नाही, उद्या तो शाळेच्या फाटकावरून तिला घेऊन जातो. पोलीस ‘घरचं भांडण आहे, कोर्टात जा’ म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

मग कोर्ट कुठलं? पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ९ नुसार मूल जिथे सर्वसाधारणपणे राहतं, तिथलं. मुलगी आधीपासून कोराडीत वाढली, तिथेच शाळेत होती, तर चार दिवसांपूर्वी वर्ध्याला नेलं म्हणून पत्ता आपोआप बदलत नाही. माहेरी वर्षभर शाळा झाली असेल, तर चित्र वेगळं. हा मुद्दा पुराव्यावर ठरतो, म्हणून शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड जपून ठेवलेलं बरं.

निकालाला वेळ लागतो, पण अंतरिम ताब्याचा किंवा भेटीचा आदेश आधी मागता येतो. रविवारी किती तास, सुट्टीत किती दिवस, व्हिडिओ कॉल कधी, हे त्यात लिहून घेता येतं. यशिता साहू प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉलवरच्या संपर्काचाही आवर्जून उल्लेख केला आहे. असा आदेश असताना मूल परस्पर नेलं, तर मात्र वडिलांनाच काय, आईलाही ते महागात पडू शकतं.

भेट नाकारली म्हणून मुलाचा खर्च थांबवणं हीसुद्धा नेहमीची चूक. पोटगी मुलाची असते, भेटीच्या बदल्यात द्यायची रक्कम नव्हे.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो; परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिला आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.