भट्टीचा पहारेकरी

मिनिआपोलिस हे अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा राज्यातील एक मोठे शहर. जानेवारी महिन्यात तेथे कित्येक रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. अशा वेळी घरातील ऊब ही चैन नव्हे. ती नाहीशी झाली, तर नळांतील पाणी गोठून नळ फुटतात आणि तान्ह्या मुलांच्या व वृद्धांच्या जिवावर बेतते.

म्हणून तेथील पुष्कळ घरांच्या तळघरात एक भट्टी असते. भट्टी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लोहाराचा भाता आणि फुललेले निखारे येतात. ही भट्टी अगदी निराळी. ती कपाटाएवढी पत्र्याची पेटी असते. तिच्यात गॅस जळतो व त्याच्या धगीने पोलादी नळ्या तापतात. पंखा त्या नळ्यांवरून हवा ढकलतो आणि ती ऊन झालेली हवा घरभर पोचते. ज्वलनातून निघालेले वायू मात्र नळ्यांच्या आतूनच थेट घराबाहेर जातात.

पूर्वी अशा भट्टीपाशी माणूस नेमावा लागे. विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. वर्ग गार झाला की उबदार, हे पाहण्यासाठी शिपाई शिकवणे चालू असतानाच वर्गात येई आणि मग तळघरात जाऊन भट्टीची झडप कमीजास्त करी. ह्या व्यत्ययाला कंटाळून प्राध्यापकांनी एक विद्युत उपकरण तयार केले. वर्गातील उष्णतामान बदलले की तळघरात घंटा वाजे! १८८३ साली त्यांस ह्या शोधाचे पेटंट मिळाले.

आज त्या शिपायाचे काम भट्टीतील एक छोटासा विद्युत-फलक करतो. भिंतीवरील थर्मोस्टॅट २४ व्होल्टच्या क्षीण विजेने 'घर गार झाले' अशी वर्दी देतो. पण फलक लगेच गॅस सोडीत नाही. आधी तो एक लहान पंखा चालवून भट्टीत साचलेला वायू बाहेर घालवतो. पंखा खरोखरच हवा ओढीत आहे, अशी साक्ष दाबावर चालणाऱ्या एका खटक्याने दिली, की मग ठिणगीऐवजी एक लहान कांडी तापून लाल होते आणि त्यानंतरच गॅसची झडप उघडते. तरीही फलकाचा संशय फिटत नाही. ज्योत पेटली की नाही, हे त्यास काही क्षणांतच कळावे लागते. ज्योतीतून अत्यंत सूक्ष्म वीजप्रवाह वाहू शकतो. अँपिअरचे काही दशलक्षांश एवढाच. ज्योतीत बुडालेली एक धातूची सळई तो प्रवाह फलकापर्यंत पोचवते. प्रवाह न आल्यास फलक तत्काळ गॅस बंद करतो. न जळलेला गॅस साचून स्फोट होण्यापेक्षा घर थोडा वेळ गार राहिलेले बरे.

आता अशी कल्पना करा, की ऐन थंडीच्या रात्री एका घरातील भट्टी पेटली आणि चार क्षणांत विझली. पुन्हा पेटली, पुन्हा विझली. काही वेळा असे झाल्यावर ती गप्प बसली. फलकावरचा लहानसा दिवा तेवढा उघडमीट करीत राहिला. घरधन्यास वाटले, फलकच बिघडला! असे वाटणे स्वाभाविक आहे. जो नकार देतो, त्याच्यावरच दोष येतो.

जाणकार कारागीर आला, की तो प्रथम त्या दिव्याची उघडझाप मोजतो. भट्टीच्या दाराच्या आतील बाजूस एक तक्ता चिकटवलेला असतो. किती वेळा दिवा लुकलुकला म्हणजे कोणती तक्रार, हे त्यात दिलेले असते. येथे तक्रार होती, 'ज्योत जाणवत नाही'. ज्योत तर डोळ्यांना दिसत होती. मग साक्ष कोण देत नव्हते? ती सळई. दीर्घकाळ ज्योतीत राहून तिच्यावर पातळ पुट चढले होते. कारागिराने वीज व गॅस बंद करून सळई काढली, बारीक पोलादी तारांच्या बोळ्याने ती हलकेच घासली आणि पुन्हा जागेवर बसवली.

फलक स्वतः कधीच बिघडत नाही, असे मात्र नाही. त्याच्यावर पाणी ठिबकते, डाख तडकतो, आतील संपर्क जळतात. खरा दोष ओळखण्यासाठी कारागीर व्होल्टमापक लावतो. सर्व साक्षी फलकापर्यंत पोचल्या असूनही त्याने पुढे वीज पाठवली नाही, तर दोष फलकाचा. त्याने वीज पाठवली, पण झडप किंवा पंखा हलला नाही, तर दोष त्या भागाचा किंवा तेथवर जाणाऱ्या तारेचा. काही उतावळे लोक हवेच्या दाबाचा खटका तारेने जोडून फलकास फसवतात. तसे केल्यास ज्वलनाचे वायू घरात शिरू शकतात. त्यांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; निजलेल्या माणसास तो कळतही नाही आणि त्याचा प्राण जातो.

ह्या घरी सळई बसवल्यावर वीज व गॅस पुन्हा सुरू झाले. लहान पंखा घुमला, कांडी लाल झाली, निळी ज्योत पेटली. चार क्षण गेले, दहा गेले. ज्योत तशीच राहिली. मग मोठा पंखा सुरू झाला आणि वरच्या खोल्यांत ऊन हवा येऊ लागली.