काका, हा य′ आला कुठून?

एपी कॅल्क्युलस घेतलेल्या मुलांच्या घरी शाळा सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांत एक धडा हमखास येतो : इम्प्लिसिट डिफरन्शिएशन. मराठीत, अव्यक्त फलनाचं विकलन. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ते कधीकाळी केलेलं असतं, पण मुलीनं वही पुढे केली की ‘टीचरनं सांगितलंय तसं कर’ म्हणून आपण सुटका करून घेतो. मंडळाच्या मराठी शाळेत शनिवारी हीच वही माझ्यापुढे येते आणि प्रश्नही बहुधा तोच असतो : ‘‘काका, क्ष² चं २क्ष होतं, मग य² चं नुसतं २य का नाही? मागे हा य′ आला कुठून?’’ (मुलं अर्थात एक्स आणि वाय म्हणतात, मी आपल्या जुन्या पुस्तकांतली अक्षरं वापरतोय. य′ म्हणजे त्यांचं डी वाय बाय डी एक्स.)

प्रश्न अगदी रास्त आहे. ‘नियमच आहे तो’ असं उत्तर देऊ नये.

क्ष² + य² = २५ हे वर्तुळ घ्या. त्यावरून एक मुंगी चालली आहे असं समजा. ती जराशी उजवीकडे सरकली, तर वर्तुळ न सोडण्यासाठी तिला वर किंवा खाली सरकावंच लागतं. म्हणजे य स्वतंत्र नाही, तो क्ष च्या मागोमाग बदलतो. क्ष एवढासा बदलला की य त्याच्या य′ पट बदलतो, आणि य² हा य च्या बदलाच्या २य पट. दोन्ही गुणले की २य·य′. चेन रूल म्हणतात तो हाच. आता मुंगी वर्तुळावर असेपर्यंत बेरीज २५ च राहते, म्हणजे तिच्यातला बदल शून्य :

२क्ष + २य·य′ = ०, म्हणून य′ = −क्ष/य.

(३, ४) ह्या बिंदूपाशी चढ −३/४. केंद्रापासून तिथवरच्या त्रिज्येचा चढ ४/३. गुणाकार −१, म्हणजे स्पर्शिका त्रिज्येला लंब. शाळेतली भूमिती अशी जुळली की मुलांचे चेहरे खुलतात.

इथे एखादा हुशार मुलगा विचारतो, ‘‘वर्गमूळ काढून य वेगळा का नाही करायचा?’’ वर्तुळात चालेल. पण हे बघा :

क्ष³ + य³ = ६·क्ष·य

(मधली टिंबं मुद्दाम दिली आहेत, नाहीतर ‘क्षय’ व्हायचा.) ह्या जातीचा वक्र देकार्तनं १६३८ साली फर्मापुढे आव्हान म्हणून टाकला : काढ ह्याची स्पर्शिका! न्यूटनचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. फर्मानं ती काढली. गंमत म्हणजे खुद्द देकार्तला वक्राचा पूर्ण आकार उमगला नव्हता. पहिल्या चरणातली पाकळी पाहून चारही चरणांत तशीच पाकळी असणार असं त्याला वाटलं, आणि रोबेर्वालला तर त्यात जाईचं फूल दिसलं. पाकळी खरी एकच आहे. आज त्याला देकार्तचं पान म्हणतात.

इथून य सुटा करणं म्हणजे त्रिघाती समीकरणाशी झटापट. त्यापेक्षा आहे तसंच दोन्ही बाजूंचं विकलन करावं. डावीकडे ३क्ष² + ३य²·य′. उजवीकडे गुणाकार आहे आणि दोघंही बदलताहेत, म्हणून ६य + ६क्ष·य′. घसरतात ते इथेच. घाईत नुसतं ६य′ लिहून मोकळे होतात. य′ ची पदं एका बाजूला आणली की

य′ = (२य − क्ष²) / (य² − २क्ष).

उत्तरात य शिल्लक राहिला म्हणून मुलं अस्वस्थ होतात. तो राहायलाच हवा. क्ष = ३ असताना ह्या वक्रावर तीन बिंदू आहेत : य = ३, सुमारे १.८५ आणि सुमारे −४.८५. तिथले चढ अनुक्रमे −१, २.०७ आणि −१.०७. नुसता क्ष सांगितला तर कुठल्या बिंदूचा चढ हवाय हे कळणार कसं?

परीक्षेपुरतं एवढं बास. माझा आग्रह मात्र पुढच्या गोष्टीचा असतो. मुलांना क्ष² + य² = −२५ देऊन य′ काढायला सांगा. पुन्हा −क्ष/य येतं, अगदी बिनतक्रार. पण असा एकही बिंदू कागदावर नाही! वक्र आहे, आपला बिंदू त्यावर आहे आणि तिथे य हा क्ष च्या मागे नीट चालतो आहे, हे सगळं ह्या रीतीत गृहीत धरलेलं असतं. ते खरं की खोटं हे ती सांगत नाही. म्हणून आधी बिंदू मूळ समीकरणात घालून बघावा आणि छेद शून्य आला तर थांबावं. वर्तुळाच्या (५, ०) पाशी स्पर्शिका उभीच आहे. देकार्तच्या पानात (०, ०) पाशी ०/० येतं, कारण तिथे वक्र स्वतःलाच छेदतो. एक फाटा आडव्या अक्षाला स्पर्श करून जातो, दुसरा उभ्या. दोन स्पर्शिका असताना सूत्रानं उत्तर द्यायचं कुठलं?

घरी करून बघायला एक गणित देतो. ह्या पानाचं वरचं टोक कुठे आहे? तिथे स्पर्शिका आडवी, म्हणजे अंश शून्य : २य = क्ष². मूळ समीकरणात घातलं की क्ष³ = १६ मिळतं. क्ष = ० हेही एक उत्तर येईल. ते का टाकून द्यायचं, हे मात्र मुलांनाच सांगू द्या.