जुने पेपर वाचायचे नाहीत, सोडवायचे

सेमिस्टर जवळ आली की कॅल्क्युलसचे मागच्या चार-पाच वर्षांचे पेपर ग्रुपवर फिरायला लागतात, सोबत कुणीतरी सोडवलेली उत्तरंही. मग बरेच जण प्रश्न आणि उत्तर शेजारी ठेवून वाचतात. वाचताना सगळं समजतं, पण परीक्षेत हात चालत नाही. असं का होतं, यावर संशोधन झालंय.

आधी तीन इंटिग्रल बघा.

१. एक्स गुणिले साइन एक्स
२. एक्स गुणिले साइन (एक्सचा वर्ग)
३. नुसतं साइन (एक्सचा वर्ग)

दिसायला भावंडंच. पण पहिलं बाय पार्ट्सने सुटतं. दुसऱ्यात एक्सच्या वर्गासाठी नवं चल घेतलं की दोन ओळींत काम संपतं. तिसऱ्याचं उत्तर आपल्या नेहमीच्या फलनांत लिहिताच येत नाही. तिथे पॉवर सिरीज लागते. पुस्तकात धड्याचं नावच पद्धत सांगून टाकतं. पेपरात ती आपल्याला ओळखावी लागते. सोडवलेलं उत्तर वाचताना नेमका हाच सराव बुडतो.

डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका प्रकारची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने सरमिसळ करून. सरावात सलगवाले पुढे होते: ८९ टक्के, सरमिसळवाले ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र सलगवाले २० वर आले आणि सरमिसळवाले ६३ वर! म्हणजे सराव सोपा गेला म्हणून शिकणं झालं असं नाही.

वाचण्याबद्दलही असंच दिसतं. रोडिगर आणि कार्पिके (२००६) यांच्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं (८१ विरुद्ध ७५ टक्के). आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले: ५६ विरुद्ध ४२.

इथे एक सवय लावून घ्या, पुढे पीएचडीत कामी येईल: प्रयोग नेमका कशावर होता ते विचारायचं. पहिला घनफळाच्या सूत्रांवर होता, दुसरा गद्य उताऱ्यांवर. इंटिग्रेशनवर एकही नाही. त्यामुळे हेच आकडे तुमच्या पेपरात दिसतील असं म्हणता येणार नाही. दिशा मात्र घेण्यासारखी आहे.

मग करायचं काय?

- आधी आताचा सिलॅबस बघा आणि जुन्या पेपरातले वगळलेले प्रश्न खोडून टाका.
- निदान दोन पेपर अजिबात न उघडता शेवटच्या आठवड्यासाठी ठेवा.
- बाकीचे घड्याळ लावून, वही बंद ठेवून सोडवा. अडलात तरी दहा मिनिटं उत्तर बघू नका.
- वेळ कमी असेल तर प्रत्येक प्रश्नासमोर फक्त पद्धत आणि ती निवडण्याचं कारण लिहा.
- चुका दोन रकान्यांत मांडा: 'पद्धत सुचली नाही' आणि 'आकडेमोड चुकली'. दोन्हींवर उपाय वेगळा आहे.
- पहिल्या रकान्यातले प्रश्न आठवड्याने कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा.

प्रश्न तसाच्या तसा पुन्हा येईल या आशेवर पाठांतर करू नका. आकडे बदलले की ते कोसळतं. संशोधनात तर प्रश्नावर धड्याचं नाव कधीच नसतं. पद्धत आपल्यालाच शोधायची असते. त्याची सवय आत्तापासून लागली तर बरंच.