गावाचे नाव बदलले, कागदांचे काय?

आमचे सतवास म्हणजे देवास जिल्ह्यातले तहसीलचे ठिकाण. २०२५ च्या फेब्रुवारीत मुख्यमंत्री मोहन यादव यांनी याच जिल्ह्यातल्या ५४ गावांची नावे बदलण्याची घोषणा केली. तेव्हापासून पुण्या-इंदूरहून येणारे नातेवाईक मला विचारतात, “आता आजोबांच्या जमिनीच्या कागदांचे काय?” नाव बदलावे की नाही, यावर ज्याचे त्याचे मत असते. हा प्रश्न मात्र सगळ्यांचाच आहे.

नुसत्या घोषणेने सरकारदरबारी नाव बदलत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने १९५३ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना केल्या. राज्याने प्रस्ताव पाठवला की मंत्रालय रेल्वे, टपाल खाते आणि सर्व्हे ऑफ इंडिया यांचे म्हणणे मागवते. नव्या नावाचे दुसरे गाव आधीच आहे का, हेही पाहिले जाते. नाहीतर पत्रे भलतीकडेच जायची! ना-हरकत मिळाली की राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढते. राज्याचेच नाव बदलायचे असेल तर संसदेत कायदा करावा लागतो.

त्यानंतरही प्रत्येक खाते आपली नोंद आपल्या सवडीने बदलते. छत्रपती संभाजीनगरचेच पाहा. शहराचे नाव फेब्रुवारी २०२३ मध्ये बदलले, जिल्ह्याचे सप्टेंबरमध्ये आणि रेल्वे स्थानकाचे थेट २०२५ मध्ये. मुंबईला ‘मुंबई’ हे अधिकृत नाव मिळून तीस वर्षे झाली, पण तिथले उच्च न्यायालय इंग्रजीत अजून ‘बॉम्बे हायकोर्ट’च आहे. म्हणजे एकाच गावाची दोन नावे काही वर्षे कागदोपत्री शेजारी नांदतात.

अशा वेळी उपयोगी पडतो तो आकडा. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या ‘एलजीडी’ या यादीत प्रत्येक गावाला स्वतंत्र क्रमांक आहे. गावाचे नाव बदलले तरी तो क्रमांक तोच राहतो. शेताचा खसरा क्रमांकही केवळ गावाच्या नामांतराने बदलत नाही.

एक गंमत सांगते. आपण मराठीत ‘नामांतर’ म्हणतो ते नाव बदलण्याला. इकडे तहसील कचेरीत ‘नामांतरण’ म्हटले की बाबू जमिनीचा फेरफार समजतो! महाराष्ट्रातून वारसाच्या कामासाठी येणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. तिकडचा तलाठी तो इकडचा पटवारी, हेही.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. आपले मूळ गाव त्या ५४ मध्ये असेल, तर अधिसूचना निघाल्यावर तिची प्रत मिळवून खरेदीखतासोबत ठेवा. जुने नाव असलेला एकही कागद रद्दीत घालू नका. अर्ज भरताना नवे नाव लिहून पुढे कंसात जुने नाव आणि गावाचा क्रमांक लिहा. आणि मुलांना दोन्ही नावे सांगून ठेवा. पन्नास वर्षांनी पणजोबांचे खत उघडून ते गाव नकाशावर शोधायची वेळ त्यांच्यावरच येणार आहे.