मूत्रचाचणी सेवनाची खूण दाखवते, नशा नव्हे

काला अंब (पानिपत) : १७६१ च्या रणसंग्रामाचे स्मारक असलेल्या काला अंब येथून दिल्ली विमानतळाकडे निघालेल्या मराठी पर्यटकाच्या वाटेवर तीन माणसे येतात : त्याच्या गाडीचा चालक, सोनीपत येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात सराव करणारा खेळाडू आणि विमानतळावरील वैमानिक. या तिघांनीही होळीला भांग घेतली असेल, तर दोन दिवसांनंतरही तिघांच्या लघवीत तिची खूण सापडू शकते. त्या खुणेचे परिणाम मात्र तिघांसाठी वेगळे आहेत.

अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५ नुसार गांजा व चरस यांवर बंदी आहे. फुलोऱ्याविना असलेली पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून भांगेचे नियमन राज्ये करतात. चाचणीला हा भेद कळत नाही. भांग असो वा गांजा, त्यातील टीएचसी या द्रव्याचे शरीरात जे रूपांतर होते, तेच चाचणी शोधते.

प्राथमिक चाचणीची पट्टी प्रतिपिंडांवर चालते. लघवीत शोध घेतला जाणारा पदार्थ ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक असेल, तर पट्टीवरील त्याची रेघ उमटत नाही. रेघ दिसणे म्हणजे निकाल नकारात्मक. प्रतिपिंडे रेणूची ठेवण ओळखतात; त्यामुळे मिळत्याजुळत्या रेणूंनी ती फसतात. सर्दीच्या औषधातील स्यूडोएफेड्रिनमुळे ॲम्फेटामिनचा संशय येऊ शकतो. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधातून तर शरीरात प्रत्यक्ष मॉर्फिन तयार होते. अनारशांवर लावली जाणारी खसखसही अफूच्याच झाडाची. तिच्या सेवनाने निकाल बिघडू नये, यासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९९८ मध्ये अफूजन्य पदार्थांची मर्यादा मिलीलिटरला ३०० वरून २,००० नॅनोग्रॅम केली.

म्हणूनच पट्टीचा निकाल हा संशय असतो, निवाडा नव्हे. निवाडा देते ती प्रयोगशाळेतील वस्तुमान वर्णपटमापन पद्धती. तिच्यात मिश्रणातील घटक वेगळे करून प्रत्येक रेणूची ओळख स्वतंत्रपणे पटवली जाते.

दुसरी मर्यादा काळाची. कोकेन, ॲम्फेटामिन वा हेरॉइनची खूण साधारणतः दोन ते चार दिवस राहते. टीएचसी चरबीत साठते. एकदाच सेवन केल्यास काही दिवस, तर नित्य सेवन करणाऱ्यात कित्येक आठवडे त्याचे अवशेष सापडतात. नशा काही तासांत उतरलेली असते. माणूस कामाच्या वेळी अमलाखाली होता की नाही, हे लघवी सांगू शकत नाही.

आता तिघांचे नियम पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मद्यासाठी १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅम ही मर्यादा आहे. अमली पदार्थांसाठी असा आकडा नाही. वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल असणे, ही कसोटी आहे. खेळाडूंना गांजावर्गीय पदार्थांची बंदी केवळ स्पर्धाकाळात लागू होते आणि २०१३ पासून मर्यादा मिलीलिटरला १५० नॅनोग्रॅम आहे. सेवन स्पर्धेबाहेरचे व कामगिरीशी असंबद्ध असल्याचे सिद्ध झाल्यास, २०२१ च्या जागतिक संहितेनुसार बंदी तीन महिन्यांची असते. उपचार घेतल्यास ती एका महिन्यावर येते.

वैमानिकांचा नियम सर्वांत कडक आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार दरवर्षी किमान १० टक्के वैमानिक, कर्मचारी व हवाई वाहतूक नियंत्रकांची अचानक चाचणी होते. प्राथमिक निकाल संशयास्पद आल्यास संबंधिताला कामावरून दूर ठेवले जाते. पुढील कारवाई पुष्टीनंतरच होते. पहिल्या वेळी व्यसनमुक्ती उपचार, दुसऱ्या वेळी तीन वर्षे परवाना निलंबन, तर तिसऱ्या वेळी परवाना रद्द.

चाचणीला सामोरे जाणाऱ्याने नमुना देण्यापूर्वीच चालू औषधांची लेखी नोंद करावी. पट्टीवर संशय आल्यास त्याच नमुन्याच्या पुष्टी चाचणीचा अहवाल मागावा. एका पट्टीवरून कोणाची नोकरी जाऊ नये, यासाठीच ही दुसरी पायरी आहे.