वेदनेला सेन्सर असतो का? पेन रिसर्चमध्ये इंजिनिअरचं काय काम

हिंजवडीत दिवसभर लॅपटॉप, घरी आल्यावर रील्स. मग मान दुखली की आपण म्हणतो, "नस दाबली गेली असेल." पण मामला इतका सरळ नाहीये.

वेदना म्हणजे नोटिफिकेशन

त्वचेतले आणि स्नायूंतले मज्जातंतू इजेचा फक्त सिग्नल पाठवतात. 'दुखतंय' हे मेंदू ठरवतो. वाटेत मज्जारज्जूत हा सिग्नल कमी-जास्त होतो, असा 'गेट कंट्रोल' सिद्धांत रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. ठेच लागल्यावर चोळलं की बरं वाटतं, त्याचं स्पष्टीकरण यातून मिळतं. कधी जखम भरते, तरी नोटिफिकेशन बंद होत नाही. ३ महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या दुखण्याला क्रॉनिक पेन म्हणतात.

मग मोजायचं कसं?

बीपीसारखं मशीन इथे नाही. डॉक्टर विचारतात, "० ते १० मध्ये किती?" आता मुळशीत भाताची लावणी करून आलेल्या मावशींना विचारा. एक म्हणेल, "कंबरेत उसण भरलीय." दुसरी म्हणेल, "कंबरेतून पायात कळ जातेय." आकडा दोघींचा ७. पण पहिलं दुखणं स्नायूचं असू शकतं, दुसरं नसेचं. उपचार वेगळे! मेलझॅक यांची १९७५ ची मॅकगिल प्रश्नावली अशा शब्दांवरच उभी आहे. ठणका, सणक, चमक, ठुसठुस, आग हा सगळा डेटाच आहे. अ‍ॅपमध्ये नुसता स्लायडर दिला, की तो गेला.

या क्षेत्रात यायचं कसं?

एमबीबीएसनंतर अ‍ॅनेस्थेशियात एमडी, फिजिओथेरपी, मानसशास्त्र, न्यूरोसायन्स हे नेहमीचे रस्ते. इंजिनिअरिंग केलंय? आयआयटी मुंबईच्या बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग विभागात पीएचडीचा पर्याय आहे. मुळशीतल्याच लवळ्यात सिंबायोसिसचं इंजिनिअरिंग कॉलेजही आहे आणि मेडिकल कॉलेजही. या विषयाला दोन्हीकडची माणसं लागतात. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जुनाट कंबरदुखीसाठी एका व्हीआर उपकरणाला परवानगी दिली. अशी गोष्ट एकट्या डॉक्टरला किंवा एकट्या कोडरला जमत नाही.

तोवर एक करा. डॉक्टरांकडे जाण्याआधी फोनच्या नोट्समध्ये लिहा: कुठे, कधी, कशाने वाढतं आणि नेमकं कसं दुखतं. आपल्या मराठीतच लिहा.